ड्रममध्ये काय आहे ते आधी बघा: सॉल्व्हंटचं कस्टम्स हेडिंग ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत छपाईची शाई आणि थिनर बनवणारा एक छोटा कारखाना कोरियाहून २०० लिटरच्या ड्रममधून 'इंडस्ट्रियल क्लीनिंग सॉल्व्हंट' मागवतो. एसडीएसवर (मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकावर) टोल्यूइन ५५ ते ६५ टक्के, ॲसिटोन २० ते ३० आणि एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) १० ते १५ असं लिहिलंय. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर २९०२ ३० (टोल्यूइन) आहे, सीएचए (कस्टम्स एजंट) ३८१४ (संमिश्र सॉल्व्हंट-थिनर) म्हणतोय आणि आधीच्या खेपा कुणाच्या तरी सांगण्यावरून २७१० (पेट्रोलियम तेलं) खाली सुटल्यात. आता स्वतःचं थिनर केनियाला पाठवायचंय. तर नक्की कुठलं हेडिंग, म्हणजे कस्टम्स टॅरिफमधला मालाचा एचएस कोड, धरायचं?

तुमच्या मालापुरतं उत्तर ३८१४ ०० १०. सीएचए बरोबर सांगतोय. पण तेवढं उत्तर घेऊन थांबू नका. उद्या हाच पुरवठादार ॲसिटोन आणि एमईके काढून नुसतं टोल्यूइन पाठवेल, किंवा तुम्ही दुसऱ्या देशातून झायलीन मागवाल, आणि मग हे उत्तर लागू पडणार नाही. उत्तरामागचं कारण कळलं की पुढच्या मालाचं हेडिंग तुमचं तुम्हालाच काढता येईल.

सॉल्व्हंटच्या बाबतीत लोक हेडिंग शोधायला निघतात ते नावावरून किंवा वापरावरून. 'क्लीनर' आहे म्हणून साबणाच्या चॅप्टरमध्ये, 'थिनर' आहे म्हणून रंगांच्या, 'पेट्रोलसारखा वास येतो' म्हणून २७ मध्ये. सॉल्व्हंटचं हेडिंग मुख्यतः रचनेवरून ठरतं: ड्रममध्ये एकच रसायन आहे की मिश्रण, मिश्रण असेल तर ते कारखान्यातल्या प्रक्रियेतून आपोआप आलंय की कुणी मुद्दाम केलंय, आणि त्यात हायड्रोकार्बन असतील तर ॲरोमॅटिक (बेंझीनसारखी कडी असलेले) जास्त की बिगर-ॲरोमॅटिक. हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले की बहुतेक माल आपापल्या जागी जाऊन बसतो.

पहिला प्रश्न चॅप्टर २९ चा. तिथे स्वतंत्र, ठरलेल्या रासायनिक रचनेची सेंद्रिय संयुगं येतात. शुद्ध मालाची कामं इथे सरळ असतात: ॲसिटोन २९१४ ११, एमईके २९१४ १२, एमआयबीके २९१४ १३, मिथेनॉल २९०५ ११, इथाइल ॲसिटेट २९१५ ३१, ब्युटाइल ॲसिटेट २९१५ ३३, एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) २९०३ १२, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) २९३२ ११, टोल्यूइन २९०२ ३०. आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) सहा आकड्यांवर प्रोपाइल अल्कोहोलबरोबर २९०५ १२ मध्ये आहे; आपल्या टॅरिफमध्ये आठ आकड्यांवर तो वेगळा निघतो, २९०५ १२ २०. ब्युटाइल ग्लायकोल २९०९ ४३ मध्ये, कारण तो ईथर-अल्कोहोल आहे. नावातल्या 'ग्लायकोल'वर जाऊन त्याला २९०५ मध्ये टाकणारे अजूनही भेटतात.

चॅप्टर २९ ची पहिली नोट प्रत्येक रसायन आयातदाराने एकदा तरी मुळातून वाचावी. तिच्याप्रमाणे अशुद्धी असली तरी माल २९ मध्येच राहतो. पाण्यात विरघळवलेला असला तरी राहतो, म्हणून पाणी मिसळलेला ७० टक्क्यांचा आयपीएसुद्धा २९०५ च. टिकण्यासाठी किंवा वाहतुकीसाठी लागणारा स्टॅबिलायझर चालतो, त्यामुळे टीएचएफमधलं थोडंसं बीएचटी किंवा एमडीसीमधलं ॲमिलीन बघून घाबरायचं कारण नाही. सुरक्षेसाठी किंवा ओळखण्यासाठी घातलेला रंग-वासही चालतो. पण तोच पाणी घातलेला आयपीए जंतुनाशक म्हणून लेबल लावून किरकोळ विक्रीच्या बाटलीत आला की ३८०८ ९४ चा विचार करावा लागतो.

'अशुद्धी' कशाला म्हणायचं, इथे खरी मेख आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एक्स्प्लनेटरी नोट्स सांगतात की उत्पादनाच्या प्रक्रियेतून थेट आणि केवळ त्यामुळेच उरलेला पदार्थ म्हणजे अशुद्धी: न वापरला गेलेला कच्चा माल, कच्च्या मालातली मूळ घाण, प्रक्रियेत वापरलेलं रिएजंट, उपपदार्थ. पण एखादा पदार्थ मालाला विशिष्ट वापरासाठी जास्त लायक बनवावं म्हणून मुद्दाम आत ठेवला असेल तर ती अशुद्धी नाही. त्यांनी उदाहरणही नेमकं सॉल्व्हंटचंच दिलंय: मिथाइल ॲसिटेट चांगला सॉल्व्हंट व्हावा म्हणून त्यात मिथेनॉल मुद्दाम राहू दिलं असेल तर तो माल २९१५ मधून निघतो आणि ३८१४ मध्ये जातो. म्हणजे दोन ड्रमची जीसी (घटकांची टक्केवारी काढणारी गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणी) अगदी सारखी आली तरी एक २९ मध्ये आणि दुसरा ३८ मध्ये जाऊ शकतो. फरक हेतूचा आहे आणि हेतू कागदावर सिद्ध करावा लागतो. म्हणूनच मी पुरवठादाराकडून नुसतं सीओए (मालाच्या चाचणीचा दाखला) कधी मागत नाही, उत्पादन प्रक्रियेचं एक पानी पत्रही मागतो.

तुमच्या मालात टोल्यूइन, ॲसिटोन आणि एमईके तिन्ही मुद्दाम एकत्र केलेत. तो २९ मधून तिथेच बाहेर पडला. मग ३८१४. या हेडिंगचे शब्दच आहेत: इतरत्र न आलेले संमिश्र सेंद्रिय सॉल्व्हंट आणि थिनर, तसंच रंग किंवा व्हार्निश काढायची तयार द्रव्यं. आपल्याकडे ३८१४ ०० १० मध्ये सॉल्व्हंट-थिनर आणि ३८१४ ०० २० मध्ये पेंट रिमूव्हर.

पुरवठादाराने २९०२ ३० का लिहिलं असेल याचा अंदाज येतो. टोल्यूइन सगळ्यात जास्त आहे, म्हणून टोल्यूइनचं हेडिंग. हा युक्तिवाद पुण्यात मी इतक्या कारखान्यांत ऐकलाय की त्यावर जरा थांबतो. वर्गीकरणाचे सामान्य नियम सहा आहेत. मिश्रणाला 'मुख्य गुणधर्म' देणारा घटक शोधा हे तिसऱ्या नियमातलं आहे, ३(ब). पण तिसऱ्या नियमापर्यंत पोहोचायचं कधी? माल एकाच वेळी दोन किंवा जास्त हेडिंगांत बसतोय असं दिसलं तर. इथे तसं होतच नाही. पहिला नियम सांगतो की हेडिंगचे शब्द आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्स यांवरून ठरवा. चॅप्टर २९ ची नोट मिश्रणाला दार बंद करते, ३८१४ चे शब्द मिश्रणाला नावाने बोलावतात. काम पहिल्याच नियमात संपलं. ज्याचं वजन जास्त त्याचं हेडिंग असा सरसकट नियम टॅरिफमध्ये कुठेही नाही, आणि हे ज्याला समजलं त्याला कस्टम्सकडून येणाऱ्या निम्म्या क्वेऱ्या आपोआप कमी होतात.

आता २७१० चं. तुमच्या मालात पेट्रोलियम तेल हा मूळ घटक नाहीच, त्यामुळे आधीच्या खेपांचा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो. पण चॅप्टर २७ सोडून पुढे जाता येत नाही, कारण सॉल्व्हंटच्या धंद्यात सगळ्यात महागडी भांडणं याच चॅप्टरच्या सीमेवर होतात.

बेंझीन, टोल्यूइन, झायलीन यांची एक रेघ आहे: वजनाने ९५ टक्के शुद्धता. एक्स्प्लनेटरी नोट्सप्रमाणे तेवढी किंवा जास्त असेल तर २९०२, कमी असेल तर २७०७. टोल्यूइनला ही अडचण फारशी येत नाही, बाजारातलं बहुतेक टोल्यूइन ९९ च्या वर असतं. घोळ होतो तो झायलीनचा. सॉल्व्हंट ग्रेडच्या झायलीनमध्ये इथाइलबेंझीन चांगलं भरभक्कम असतं, १५-२० टक्के सर्रास दिसतं. आणि नोटमध्ये शब्द आहेत 'झायलीनचे आयसोमर' ९५ टक्के, म्हणजे झायलीनची ऑर्थो, मेटा आणि पॅरा ही तीन रूपं मिळून. इथाइलबेंझीनचं रेणुसूत्र तेच असलं तरी ते झायलीन नव्हे; त्याला २९०२ ६० अशी स्वतःची जागा आहे. काही जण म्हणतात, एकाच संयुगाच्या आयसोमरांचं मिश्रण २९ मध्ये चालतं अशी नोट आहे ना, मग इथाइलबेंझीनही धरा. युक्तिवाद पूर्ण टाकाऊ नाही, पण झायलीनसाठी खास रेघ आखलेली असताना मी त्यावर कंटेनर पणाला लावणार नाही. जीसीत तिन्ही झायलीनची बेरीज ८० आली असेल तर माझ्या मते २७०७ ३० हे जास्त टिकणारं हेडिंग. नियमित आयात असेल तर ॲडव्हान्स रुलिंग घ्या, त्याबद्दल खाली सांगतो.

रंगाच्या धंद्यात ज्याला सी-नाइन म्हणतात ते जवळजवळ पूर्ण ॲरोमॅटिक असतं. एकच रसायन नाही, अनेक ॲरोमॅटिकांचा कट (ऊर्ध्वपातनातून काढलेला भाग) आहे, म्हणून २९ नाही. वजनाने ॲरोमॅटिक जास्त म्हणून २७१० नाही. मग २७०७ ५०. अट एवढीच की २५० अंश सेल्सिअसपर्यंत आकारमानाने ६५ टक्के किंवा जास्त ऊर्ध्वपातन व्हायला हवं, आणि सी-नाइन ती सहज पार करतं.

हेक्झेनची गंमत उलटी आहे. नुसतं एन-हेक्झेन, वेगळं काढलेलं, २९०१ १० मध्ये. पण तेल काढायच्या कारखान्यात किंवा ॲढेसिव्हमध्ये वापरतात ते कमर्शियल हेक्झेन म्हणजे हेक्झेनच्या आयसोमरांचं मिश्रण. इतर आयसोमर-मिश्रणांना चॅप्टर २९ आत घेतो, पण ॲसायक्लिक हायड्रोकार्बनच्या आयसोमर-मिश्रणांना त्याच नोटमध्ये स्पष्ट वगळलंय. ती चॅप्टर २७ मध्ये जातात. इनव्हॉइसवर दोन्हीकडे 'हेक्झेन' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून पर्चेस ऑर्डरमध्येच ग्रेड आणि एन-हेक्झेनची टक्केवारी लिहून घ्या.

आता एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल), व्हाइट स्पिरिट आणि डीॲरोमॅटाइज्ड सॉल्व्हंट. ही २७१० ची मंडळी. २१० अंशांपर्यंत आकारमानाने ९० टक्के ऊर्ध्वपातन झालं तर हलकी तेलं, २७१० १२. नाही तर २७१० १९. इथे तुमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना खरंच जपून राहायला सांगतो, कारण प्रश्न फक्त ड्यूटीच्या दराचा नसतो. केरोसीन आणि हायस्पीड डिझेल आपल्याकडे कुणालाही आयात करता येत नाही, ती सरकारने अधिकार दिलेल्या तेल कंपन्यांमार्फत येतात. आणि केरोसीनची व्याख्या टॅरिफमध्ये आयएस १४५९ या भारतीय मानकाला बांधलेली आहे. त्या मानकात फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश आणि शेवटचा उत्कलनबिंदू कमाल ३०० अंश. एवढ्या रुंद पट्ट्यात चांगला स्वच्छ सॉल्व्हंटही आरामात बसतो. मग लॅबचा रिपोर्ट येतो, 'नमुना केरोसीनच्या मानकात बसतो', आणि प्रामाणिकपणे रंगासाठी आणलेला माल परवान्याशिवाय आणलेला प्रतिबंधित माल ठरायची वेळ येते. कंटेनर अडकतो, डिटेन्शन (तो अडकून राहिल्याचं भाडं) चालू होतं, बँकेचं क्रेडिट चालूच असतं. हे फार वाईट असतं, आणि त्यातला बराचसा भाग माल निघण्याआधी टाळता येतो.

कसा टाळायचा? लोडिंगआधी पूर्ण ऊर्ध्वपातन वक्र, फ्लॅश पॉइंट, घनता, ॲरोमॅटिक प्रमाण आणि स्मोक पॉइंट हे सगळं पुरवठादाराकडून घ्या आणि स्वतः आयएस १४५९ शेजारी ठेवून ताडून बघा. माल सॉल्व्हंट आणि केरोसीन दोन्हीत बसतोय असं दिसलं तर ग्रेड बदला. अरुंद कटचा सॉल्व्हंट थोडा महाग पडेल, पण त्याची ओळख पक्की असते. पेट्रोलियम सॉल्व्हंटसाठी आपलं स्वतःचं मानकही आहे, आयएस १७४५. सीओए त्याच्या ग्रेडला जुळवून मागा.

आणि रिपोर्ट विरुद्ध आलाच तर नुसत्या शेवटच्या ओळीवर मान तुकवू नका. कोणकोणते निकष तपासले, प्रत्येकाचा आकडा काय, कुठल्या पद्धतीने, हे लेखी मागा. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅसट्रेड इंटरनॅशनलच्या प्रकरणात याच मुद्द्यावर आयातदाराच्या बाजूने निकाल दिला. कांडल्याला 'बेस ऑइल' म्हणून आलेला माल हायस्पीड डिझेल आहे असं खात्याचं म्हणणं होतं. प्रयोगशाळांनी डिझेलच्या मानकातले सगळे निकष तपासलेच नव्हते. माल अमुक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी खात्याची, आणि ती पार पडली नाही. हा निकाल सॉल्व्हंटवाल्यांनी फाइलमध्ये ठेवावा असा आहे. पण एक सांगतो, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मिळाला. माल गोदीत असताना नाही.

पेट्रोलियम आणि दुसरं काही मिसळलं तर? समजा ८० टक्के एमटीओ आणि २० टक्के ब्युटाइल ग्लायकोल, थिनर म्हणून. २७१० मध्ये ७० टक्के किंवा जास्त पेट्रोलियम असलेल्या प्रिपरेशनही येतात, म्हणून लोक तिकडे धावतात. पण २७१० ची ती ओळ 'इतरत्र न आलेल्या' प्रिपरेशनसाठी आहे, आणि ३८१४ च्या एक्स्प्लनेटरी नोटमध्ये स्पष्ट आहे की संमिश्र सॉल्व्हंटमध्ये पेट्रोलियम ७० टक्क्यांवर असलं तरी ते ३८१४ मध्येच. फक्त पेट्रोलियमचेच दोन कट एकत्र केले असतील तर मात्र ३८१४ नाही. व्हाइट स्पिरिटला ३८१४ मधून नाव घेऊन वगळलंय.

काही शेजारची हेडिंगं पटकन सांगून टाकतो. रेझिन सॉल्व्हंटमध्ये विरघळवून आलं आणि सॉल्व्हंट वजनाने ५० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर चॅप्टर ३२ च्या नोटप्रमाणे ते ३२०८. ५० किंवा कमी असेल तर आपापल्या पॉलिमरच्या हेडिंगमध्ये, ३९ मध्ये. तुमच्या शाईच्या कच्च्या मालात हे येणारच, म्हणून सॉलिड्सची टक्केवारी नीट बघा. टर्पेंटाइन ३८०५. किरकोळ बाटलीतलं नेलपॉलिश रिमूव्हर ३३०४. इथेनॉल कधीच २९ मध्ये नसतं, डिनेचर्ड असलं तरी २२०७ २०, आणि त्यात राज्य उत्पादन शुल्काची परवानगी वेगळी. हॅलोजनवाल्या मिथेन-इथेन-प्रोपेनची मिश्रणं २०२२ च्या बदलात ३८२४ मधून उचलून नव्या ३८२७ मध्ये नेली. डीग्रीझिंगचं जुनं काही आणत असाल तर जुना कोड कॉपी-पेस्ट करू नका.

वापरलेला सॉल्व्हंट हा तर वेगळाच विषय. कुरकुंभच्या औषधी कारखान्यांत सॉल्व्हंट रिकव्हरी रोज चालते. ऊर्ध्वपातन करून पुन्हा शुद्ध केलेला ॲसिटोन म्हणजे ॲसिटोन, २९१४. पण आहे त्या स्थितीत मूळ वापराला नालायक झालेला, 'आमच्याकडे शुद्ध करून घेऊ' म्हणून आणलेला माल ३८२५ ४१ किंवा ४९ मध्ये, म्हणजे टाकाऊ सेंद्रिय सॉल्व्हंट. चॅप्टर ३८ ची नोट सांगते की त्यातून सॉल्व्हंट परत मिळवायचा हेतू असला तरी तो टाकाऊच. आणि मग २०१६ चे घातक कचरा नियम लागतात. स्वस्त मिळतोय म्हणून 'ऑफ-स्पेक' नावाखाली कुणी देऊ केला तर कृपया घेऊ नका.

कागदांकडे येतो. एसडीएसवर विसंबून हेडिंग ठरवता येत नाही. ते सुरक्षेसाठी बनवलेलं असतं. त्यात टक्केवारी पट्ट्यांत असते आणि धोकादायक नसलेला घटक लिहायचीही गरज नसते. तुमच्याच एसडीएसमध्ये बघा, कमाल आकडे धरले तर बेरीज १०० च्या वर जाते, किमान धरले तर ८५. उरलेलं काय आहे? ते १५ टक्के रेझिन असेल, सर्फॅक्टंट असेल तर सगळी चर्चा बदलते. पुरवठादाराकडून लेटरहेडवर, १०० टक्क्यांना पुरणारी रचना, प्रत्येक घटकाच्या सीएएस क्रमांकासह (रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक) घ्या. २०२३ पासून रसायनांच्या बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयात घोषणापत्रात) सीएएस क्रमांक आणि आययूपॅक नाव द्यावंच लागतं, त्यामुळे ही माहिती मागायला सबबही तयार आहे. पुरवठादार गुपित म्हणून द्यायला तयार नसेल तर एक ड्रम मागवून आपल्याकडच्या एनएबीएल लॅबमध्ये जीसी करून घ्या. पुण्यात ही सोय सहज आहे, आणि तिचा खर्च एका दिवसाच्या डिटेन्शनसमोर काहीच नाही.

युएन नंबर (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा क्रमांक) आणि एचएस कोड यांचा कायद्याने संबंध नाही, पण असेसिंग ऑफिसर दोन्ही बघतो. ॲसिटोन युएन १०९०, टोल्यूइन १२९४, एमईके ११९३, झायलीन १३०७. रंगाशी संबंधित थिनर १२६३. ड्रमवर १२६३ आणि बिलावर २९१४ असेल तर क्वेरी येणार हे धरूनच चाला. २०२० पासून असेसमेंट फेसलेस आहे; तुमची फाइल न्हावा शेव्याला उतरलेली असली तरी बघणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो. त्याला समोर जाऊन समजावता येत नाही. जे काही सांगायचंय ते ई-संचितवर (कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र पोर्टलवर) टाकलेल्या कागदांतच सांगून झालेलं असलं पाहिजे. म्हणून मी वर्गीकरणाची अर्ध्या पानाची टीप पहिल्याच अपलोडमध्ये जोडायला सांगतो: रचना, चॅप्टर २९ का नाही, २७ का नाही, ३८१४ का.

ड्यूटीचे दर इथे मुद्दाम देत नाही, ते बजेटगणिक आणि नोटिफिकेशनगणिक हलतात. रचना तेवढी लक्षात ठेवा: बेसिक ड्यूटी, तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग आयजीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून कारखाने हेडिंगकडे दुर्लक्ष करतात. बेसिकचं क्रेडिट मिळत नाही. आणि दरापेक्षा मोठ्या गोष्टी हेडिंगला लटकलेल्या असतात: अँटी-डंपिंग (फार स्वस्त आयातीवरची जादा ड्यूटी), बीआयएसच्या मानकांची सक्ती, आयातीचं धोरण, पेट्रोलियम नियमांखाली पेसो या सरकारी सुरक्षा संस्थेची परवानगी. अँटी-डंपिंगबाबत एक बारकावा: ती मालाच्या वर्णनावर लागते आणि नोटिफिकेशनमधला कोड बहुधा निर्देशक असतो. हेडिंग बदलून ती चुकवता येत नाही, उलट तसा प्रयत्न दिसला तर खातं हेतुपुरस्सर दडवलं असं म्हणायला मोकळं होतं.

तुमच्या बाबतीत कोरियाचं ओरिजिन सर्टिफिकेटही (माल तिथेच बनला याचा दाखला) बघावं लागेल. कोरियाबरोबरचा व्यापार करार २०१० पासून आहे, आणि सवलत घेत असाल तर सर्टिफिकेटवर २९०२ ३० आणि बिलावर ३८१४ अशी विसंगती चालणार नाही. २०२० च्या कॅरोटार नियमांनी ओरिजिनची माहिती ठेवायची जबाबदारी आयातदारावर टाकलीय. शिवाय मिश्रण म्हटलं की टोल्यूइन कुठलं, ॲसिटोन कुठला, हे प्रश्न येतात. नुसतं मिसळणं म्हणजे उत्पादन असं बऱ्याच करारांत मानत नाहीत. पुढची खेप लोड होण्याआधी पुरवठादाराकडून कोड दुरुस्त करून घ्या, आणि तो ओरिजिन कुठल्या निकषावर सांगतोय तेही लिहून घ्या. ते जमत नसेल तर सवलत सोडून पूर्ण ड्यूटी भरा.

नियमित आयात असेल आणि मनात शंका असेल तर कस्टम्स ॲडव्हान्स रुलिंग हा चांगला मार्ग आहे, आणि छोटे उद्योजक तो उगाच वकिलांचा विषय समजतात. मुंबईत प्राधिकरण आहे, फी १० हजार रुपये, अर्जापासून तीन महिन्यांत निर्णय द्यायची मुदत कायद्यात आहे, आणि मिळालेला निर्णय तीन वर्षं चालतो, मध्ये कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर. झायलीनसारख्या सीमेवरच्या मालाला मी हेच सुचवतो. तोवर माल येतच असेल तर कस्टम्स कायद्याच्या कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट मागा. बाँड द्यावा लागतो, पण माल हलतो.

केनियाच्या निर्यातीचं. तुमचं थिनर मिश्रण असल्यामुळे तेही ३८१४ ००. सहा आकडे जगभर तेच, पुढचे आकडे त्यांचे त्यांचे, म्हणून इनव्हॉइसवर सहा आकडे ठळक लिहा आणि ग्राहकाला त्याच्या पुढच्या आकड्यांची खात्री करून घ्यायला सांगा. शिपिंग बिल, जीएसटी इनव्हॉइस आणि ओरिजिन सर्टिफिकेट यांवर एकच कोड असू द्या. ड्रॉबॅक आणि आरओडीटीईपी (निर्यातदाराला कर परत देणाऱ्या योजना) यांचे दर कोडनिहाय आहेत आणि विसंगतीने पैसे अडकतात. एक गोष्ट सॉल्व्हंट निर्यातदार हमखास विसरतात: ॲसिटोन, टोल्यूइन, एमईके आणि इथाइल ईथर ही चारही १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविरोधी कराराच्या दुसऱ्या तक्त्यात आहेत. आपल्याकडे एमईकेच्या निर्यातीला ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स कमिश्नरांची एनओसी लागते. तुमच्या थिनरमध्ये एमईके मिश्रणातला एक घटक आहे, तरी बुकिंग करण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या. जहाजाची तारीख ठरल्यावर धावपळ करून हे मिळत नाही.

राहिल्या आधीच्या खेपा. २७१० खाली सुटल्या म्हणजे विषय संपला असं समजू नका. कस्टम्स कायद्याच्या कलम २८ खाली खातं साधारण दोन वर्षं मागे जाऊ शकतं, आणि माहिती दडवली असं दाखवलं तर पाच वर्षं. तुमच्याकडे तेव्हाचं एसडीएस होतं, त्यावर टोल्यूइन-ॲसिटोन-एमईके लिहिलेलं होतं. ते तेव्हा अपलोड केलं होतं की नाही हे सीएचएकडून आजच काढून घ्या, कारण दोन की पाच हे बऱ्याच अंशी त्यावर ठरेल. मग प्रत्येक बिल ऑफ एन्ट्रीला ३८१४ चा त्या तारखेचा दर लावून फरक काढा. ड्यूटी कमी भरलेली निघाली तर नोटीस येण्याआधी स्वतःहून, कलम २८(१)(ब) खाली, व्याजासकट भरा आणि अधिकाऱ्याला लेखी कळवा. दडवणुकीचं प्रकरण नसेल तर त्यावर पेनल्टी लागत नाही. व्याज १५ टक्क्यांनी चालू असतं, म्हणून हिशोबाला महिना लावू नका. जास्त भरलेली निघाली तर आधी असेसमेंट दुरुस्त करून घ्यावं लागेल, रिफंडचा अर्ज त्यानंतर. पत्रात जुन्या खेपांची रचना आणि नवीन खेपेची रचना एकच आहे की नाही हे स्पष्ट लिहा, आणि सोबत पुरवठादाराचं १०० टक्के रचनेचं तेच पत्र जोडा.